पांढरी आणि पाणी : यवतमाळ जिल्ह्यातील धरणांच्या बुडीत क्षेत्रातील वारसा (प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्याची उत्तर व पूर्व सीमा वर्धा नदीने आणि दक्षिण सीमा पैनगंगेने आखलेली असून, या दोन नद्यांच्या मधला बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा, डोंगरउतारांचा आणि सागाच्या जंगलांचा आहे. या काळ्या पाषाणात, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकात, पाणी सहजासहजी मुरत नाही आणि मुरलेले फार काळ टिकत नाही. त्यामुळे या मुलुखात माणसाने घरे बांधली ती प्रामुख्याने नदीच्या काठावर, पुराच्या रेषेच्या थोडे वर, जेथे उन्हाळ्यातही न आटणारा डोह, कसदार काळी जमीन आणि जनावरांना पाण्यावर नेण्याजोगा उतार या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत होत्या. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस आणि त्यांना मिळणारे नाले यांच्या काठची जुनी गावे याच न्यायाने वसलेली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणांसाठी जागा शोधल्या जाऊ लागल्या, तेव्हा अभियंत्यांनाही हव्या होत्या त्या याच नद्या आणि याच दऱ्या. जिल्ह्यातील धरणांनी पाण्याखाली घेतलेली जमीन ही म्हणून सरसकट कोणतीही जमीन नव्हती. माणसाने फार आधीपासून वापरलेल्या पट्ट्यातील ती जमीन होती. बुडालेल्या वारशाचा विचार या साध्या भौगोलिक वस्तुस्थितीपासून सुरू केला नाही, तर तो हळहळ व्यक्त करण्यापलीकडे जात नाही.

या जिल्ह्यातील मोठ्या जलाशयांचा क्रम असा आहे. पुसदजवळ पूस नदीवरील धरण १९७१ मध्ये पूर्ण झाले. पुसद तालुक्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते. पैनगंगेवरील इसापूर धरण, ज्याला ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प म्हणतात, १९८२ चे असून यवतमाळ आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ते चार किलोमीटरहून अधिक लांब पसरलेले आहे. त्याचे पाणी यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांना मिळते. महागावकडचे निम्न पूस धरण १९८३ चे, दिग्रसजवळचे अरुणावती धरण १९९४ चे, आणि त्यानंतर बाभुळगाव तालुक्यात खडक सावंगा येथे बेंबळा प्रकल्प उभा राहिला. यांखेरीज मध्यम आणि लघु तलावांची संख्या मोठी आहे. कापूस पिकवणाऱ्या आणि मुख्यत्वे पावसावर अवलंबून असलेल्या या जिल्ह्याने शेतीच्या संकटाची जी किंमत गेल्या काही दशकांत मोजली आहे ती सर्वज्ञात आहे, आणि सिंचनाची गरज नाकारणारा कोणताही युक्तिवाद येथे उभा राहू शकत नाही. धरण हवे की नको, हा प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न नव्हे. पाणी अडवण्यापूर्वी त्या जागी काय होते याची नोंद घेणे हे धरण बांधण्याइतकेच सार्वजनिक कर्तव्य होते की नाही, आणि ते पार पाडले गेले का, एवढाच प्रश्न येथे विचारला आहे.

बुडीत क्षेत्र म्हणजे जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीपर्यंत, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी ज्या रेषेपर्यंत पोहोचते तेथपर्यंत, येणारी सर्व भूमी. महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या अशा भूमीचे परंपरेने दोन भाग पडतात : शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पांढरीची माती खरोखरच फिकट राखाडी, भुरकट रंगाची असते. शतकानुशतके चुलीची राख, शेण, मातीच्या भिंतींचा चुरा, चुना, खापरे आणि हाडे एकाच जागी साचून तिचे थर एकावर एक चढत जातात आणि गाव हळूहळू स्वतःच्याच अवशेषांवर उंच होत जाते. उजाड झालेल्या गावाची अशी उंच जागा पांढरीची टेकडी म्हणून उरते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही टेकडी म्हणजे त्या गावाचे सर्वांत जुने आणि सर्वांत विश्वसनीय दप्तर असते, कारण तिच्यात राजाचे नाव नसले तरी धान्य, भांडी, अवजारे आणि घरांची जमीन यांचा क्रम जसाच्या तसा टिकलेला असतो.

या विधानाला जिल्ह्यातीलच एक ताजा आधार आहे. बाभुळगाव तालुक्यातील, म्हणजे बेंबळा धरणाच्याच तालुक्यातील, पाचखेड येथील टेकडीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले, आणि तेथे लोहयुगापासून सातवाहनकाळ, मध्ययुग ते थेट निजामकाळापर्यंतच्या वस्तीचा क्रम उलगडला. सर्वांत खालच्या थरांचे वय सुमारे तीन हजार वर्षे निघाले. पाचखेडची टेकडी शिल्लक होती म्हणून हे कळले. त्याच नदीखोऱ्यात आणि शेजारच्या खोऱ्यांत ज्या पांढऱ्या पाण्याखाली गेल्या, त्यांपैकी किती अशा होत्या, हे आता बाहेरून सांगण्याचा मार्ग उरलेला नाही. पाचखेडच्या शोधाचे जेवढे कौतुक झाले तेवढीच त्याने एक अस्वस्थ करणारी जाणीवही द्यायला हवी होती. ती चर्चा मात्र झाली नाही.

जिल्ह्याच्या लिखित इतिहासाकडे वळले तरी चित्र फारसे वेगळे नाही. आजच्या यवतमाळला अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरीत योत-लोहारा या जोडनावाने परगण्याचे ठाणे म्हणून स्थान आहे, आणि कळंब व माहूर ही त्या काळी वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची, म्हणजे परगण्यांचा समूह असलेल्या प्रशासकीय विभागांची, मुख्य ठिकाणे होती. त्याच्याही आधी, पुसद भागातील डोंगरगाव येथे सापडलेला शके १०३४ चा, म्हणजे इसवी सन १११२ चा, परमार राजकुलातील जगद्देवाचा शिलालेख हे दाखवतो की माळव्याच्या भोज राजाच्या घराण्यातील एक पुरुष बाराव्या शतकाच्या आरंभी पुसदच्या परिसरात गाव दान देत होता. विदर्भाच्या शिलालेखांचे थोर अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी तो लेख वाचून प्रसिद्ध केला. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील जैनद येथेही जगद्देवाशी संबंधित लेख आहे. या दोन लेखांच्या मधला पैनगंगेचा पट्टा हा त्या काळी ओसाड अरण्याचा नव्हता, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते. यादव, बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसले अशा सत्ता या मुलुखावर आल्या आणि गेल्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, हा जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता, आणि त्या वर्षी वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका येऊन तो आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या आकाराला पोहोचला.

वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, या तपशिलाचे महत्त्व वाटते त्यापेक्षा मोठे आहे. पैनगंगा ही १९५६ पर्यंत केवळ दोन जिल्ह्यांमधील नदी नव्हती. तिच्या उत्तर काठावर इंग्रजी अमलातील आणि पुढे मध्यप्रांताला जोडलेला वऱ्हाड होता, तर दक्षिण काठावर आधी निजामाचे संस्थान आणि मग हैदराबाद राज्य होते. इसापूर जलाशयाच्या दोन काठांवरील गावांची जुनी कागदपत्रे म्हणून दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांत, निरनिराळ्या महसुली पद्धतींत आणि मोडी, फारसी, उर्दू, इंग्रजी अशा लिपी-भाषांत विखुरलेली आहेत. नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी होत्या, एकाच जत्रेला दोन्हीकडची माणसे जात होती, पण अभ्यासकाला आज त्या एका खोऱ्याचा इतिहास जुळवायचा तर अमरावती-नागपूरच्या दिशेने एक आणि हैदराबादच्या दिशेने दुसरी अशी दोन दप्तरे उघडावी लागतात. हे काम कोणा एका संस्थेचे नव्हते, म्हणूनच बहुधा ते कोणाचेच राहिले नाही.

बुडीत क्षेत्रातील वास्तूंचे स्वरूप काय असते, हे सांगताना वाचकाच्या मनातून भव्य देवालयांचे चित्र आधी दूर करावे लागते. यवतमाळ शहरालगतच्या लोहारा येथील कमलेश्वरासारखी हेमाडपंती मंदिरे जिल्ह्यात आहेत. हेमाडपंती म्हणजे चुना न वापरता, घडीव काळे दगड एकमेकांत खाचा देऊन बसवण्याची पद्धती. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावाने ती ओळखली जात असली तरी तिच्यात त्याच्या आधीच्या काळातील बांधकामेही लोकांनी सर्रास मोजली आहेत. अशा मंदिरांची यादी हेन्री कझिन्स या सर्वेक्षकाने १८९७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांच्या सूचीत दिली, आणि पुढे १९०८ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये त्यांपैकी काहींचा उल्लेख आला. परंतु या याद्या ज्या अधिकाऱ्यांनी केल्या ते मुख्यत्वे मोठ्या रस्त्यांनी आणि तालुक्याच्या ठाण्यांपर्यंत फिरले. नदीकाठच्या आडवळणी गावातील एकगाभारी महादेव, मारुतीच्या पारावर टेकवून ठेवलेले वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराचे स्मारक असलेली कोरीव शिळा), सतीशिळा, दगडी पायऱ्यांची बारव, नदीवरचा घाट, एखाद्या महानुभाव वा नाथपंथी साधूची समाधी, एखादा दर्गा आणि त्याच्या शेजारचे चिंचेचे झाड यांना कोणत्याच सूचीत जागा मिळाली नाही. शासनाच्या दृष्टीने सूचीत नसलेली वास्तू अस्तित्वातच नसते. धरणांनी जे बुडवले त्याचा मोठा भाग या सूचीबाहेरच्या वास्तूंचा आहे, आणि हेच या विषयाचे मर्म आहे.

या सर्वांत गढीचा विचार वेगळा करायला हवा. देशमुख, पाटील किंवा देशपांडे यांच्या घराण्याने गावाच्या सर्वांत उंच भागी, बहुधा जुन्या पांढरीच्या टेकडीवरच, बांधलेली तटबंदीची वास्तू म्हणजे गढी. तिच्या पायाशी घडीव किंवा ओबडधोबड दगडांचे काही थर, त्यावर पांढऱ्या मातीच्या कित्येक हात रुंदीच्या भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, आत सागवानी खांबांचा वाडा, धान्याची पेवे आणि विहीर अशी तिची रचना असे. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल असल्याने, आणि वसुलीसाठी दोघांचीही माणसे येत असल्याने, गावाला स्वतःचे संरक्षण स्वतःच करावे लागे. गढी हे त्या दुअंमली काळाचे भौतिक रूप आहे. तिला राजवाड्याची श्रीमंती नाही, किल्ल्याची कीर्तीही नाही, आणि तिच्यासाठी कोणतीही संस्था पुढे आलेली नाही. जेथे धरण आले नाही तेथेही लोकांनी गढीची माती खत म्हणून शेतात नेली आणि तिचे दगड घरांना लावले. तरीही कोरड्या जमिनीवरच्या पडक्या गढीचा नकाशा आजही काढता येतो; पाण्याखाली गेलेल्या गढीचा येत नाही.

पाणी वास्तूचे काय करते, हे सर्वांच्या बाबतीत सारखे नसते. मातीची भिंत पाण्यात भिजली की तळाकडून फुगते, तिची वरच्या भाराला पेलण्याची शक्ती जाते आणि ती बसते. गढीचे बुरूज पाण्यात फार काळ उभे राहू शकत नाहीत. चुन्याचा गिलावा आणि त्यावरचे रंगकाम पाण्यात हळूहळू विरघळते. सागवानी खांब, तुळया आणि दारे बहुतेक ठिकाणी पाणी येण्याआधीच गावकरी उतरवून नव्या गावठाणात नेतात, आणि हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे जुन्या वाड्याची चौकट फुटून तिचे तुकडे निरनिराळ्या घरांत विखुरतात. काळ्या दगडाचे कोरडे बांधकाम सर्वांत चिवट ठरते. जलाशयाचे दोन पट्टे असतात : मृतसाठ्याच्या पातळीखालचा, म्हणजे जेथील पाणी कालव्याच्या दारातून बाहेर काढताच येत नाही असा कायम पाण्यातला पट्टा, आणि त्याच्या वरचा, दर वर्षी भरणारा व रिता होणारा पट्टा. खोल पाण्यात गाळाखाली दबलेली दगडी वास्तू पुष्कळ काळ तग धरू शकते. खरी हानी होते ती वरच्या पट्ट्यात, जेथे दगड दर पावसाळ्यात भिजतो आणि दर उन्हाळ्यात तापतो, जेथे लाटा पायाखालची माती ओढून नेतात आणि जेथे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत गाळपेर, म्हणजे गाळावर घेतले जाणारे पीक, केली जाते. ट्रॅक्टरचा नांगर पांढरीच्या टेकडीवरून फिरला की त्या टेकडीचे वरचे थर कायमचे मिसळून जातात. गाळपेर हा धरणाकाठच्या गरीब माणसाचा आधार आहे, त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण कोणत्या टेकडीवर नांगर जातो आहे हे शासनाने तरी पाहून ठेवायला हवे होते.

धरणापूर्वी वारसा वाचवता येतो की नाही, याबद्दल जगाने आणि भारताने उत्तर दिलेले आहे. नाईल नदीवरील आस्वान धरणामुळे न्यूबियातील मंदिरे बुडणार हे दिसताच युनेस्कोने १९६० मध्ये जगाला आवाहन केले आणि १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची मंदिरे कापून वरच्या पातळीवर पुन्हा उभी करण्यात आली. मराठी वाचकांना हे सहसा सांगितले जात नाही की त्या मोहिमेत भारतही सहभागी होता : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तुकडी ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये न्यूबियात उत्खनन करून आली. देशात त्याआधीच कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणासाठी नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार म्हणून १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे तेथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले, निवडक वास्तू उचलून उंचावर पुन्हा रचल्या गेल्या आणि पाण्याने वेढलेल्या टेकडीवर वस्तुसंग्रहालय उभे राहिले. गोव्यात साळावली धरणासाठी कुर्डी हे गाव रिकामे झाले तेव्हा तेथील प्राचीन महादेव मंदिराचे दगड क्रमांक घालून उतरवण्यात आले आणि दुसऱ्या जागी जसेच्या तसे जोडण्यात आले. विख्यात गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे मूळ गाव आजही उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वर येते आणि जुने गावकरी तेथे जमतात. ज्या देशाने परदेशातील मंदिरांसाठी माणसे पाठवली, त्याच देशातील एका जिल्ह्याच्या गावमंदिरांचे मोजमापही झाले नसेल, तर त्याचे कारण ज्ञानाची किंवा कौशल्याची उणीव हे नव्हते.

महाराष्ट्रातील इतर जलाशयांनी निदान आठवण तरी जागी ठेवली आहे. उजनीच्या पाण्यात बुडालेल्या पळसदेवच्या मंदिराचे शिखर कोरड्या वर्षांत वर येते, भाटघर जलाशयातील कांबरे गावचे कांबरेश्वर मंदिर मे महिन्यात पाणी घटल्यावर दिसते, आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत दर काही वर्षांनी येतात. मुळशीच्या टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी उभारलेल्या सत्याग्रहामुळे त्या खोऱ्यातील गावांची नावे महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात कायमची नोंदली गेली. पुणे आणि सोलापूर यांच्या तुलनेत यवतमाळचे जलाशय पर्यटकांच्या आणि छायाचित्रकारांच्या वाटेवर नाहीत. पूस, अरुणावती आणि इसापूर यांच्या बुडीत गावांची आठवण ती गावे सोडून आलेल्या पिढीपाशी आहे, आणि पूस धरणाच्या बाबतीत ती पिढी आता वृद्ध झाली आहे. या तातडीपुढे बाकीचे सारे युक्तिवाद दुय्यम ठरतात.

कायद्याने या वास्तूंना कोठे पाहिले, याचा शोध घेतला तर उत्तर थोडक्यात देता येते. भूसंपादन १८९४ च्या अधिनियमाने होत असे आणि त्यात मोबदला मिळे तो हितसंबंधी व्यक्तीला. गावाच्या सामायिक स्मृतीला हितसंबंधी मानण्याची त्यात तरतूद नव्हती. प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला अधिनियम १९७६ चा, म्हणजे पूस धरणानंतरचा. त्याची जागा पुढे १९८६ च्या आणि १९९९ च्या अधिनियमांनी घेतली. यांतून नव्या गावठाणाला अठरा नागरी सुविधा देण्याची पद्धत रूढ झाली, ज्यांत शाळा, रस्ते, पाणी, स्मशानभूमी यांचा समावेश होतो. जुन्या गावातील वास्तूंची मोजणी आणि चित्रण त्यांत बसत नाही. प्राचीन वास्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन अधिनियम आहेत, पण त्यांचे संरक्षण मिळते ते घोषित स्मारकाला. नदीखोरे प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी बंधनकारक झाली ती २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने, आणि तोपर्यंत जिल्ह्यातील पूस, निम्न पूस आणि इसापूर ही धरणे भरून झाली होती. जागतिक धरण आयोगाने २००० च्या अहवालात सांस्कृतिक वारशाकडे झालेल्या दुर्लक्षाची दखल घेतली, ती जगभरच्या अशाच अनुभवांवरून.

असे असले तरी अभ्यासाची साधने संपलेली नाहीत, आणि प्रस्तुत विषयाची उमेद तेथेच आहे. संपादनाच्या वेळी प्रत्येक गावाचा निवाडा, म्हणजे कोणाची किती जमीन, घर, विहीर, झाड घेतले आणि त्याचे किती मूल्य ठरले याचा अधिकृत निर्णय, तयार होतो. घराच्या मूल्यांकनासाठी त्याची लांबी-रुंदी, भिंतीचा प्रकार, छपराचा प्रकार आणि लाकूडकाम यांची नोंद करावी लागते. पैशाचा हिशेब म्हणून केलेली ही कागदपत्रे इतिहासाचे साधन म्हणून वाचली, तर बुडालेल्या गावाचा घरोघर नकाशा पुन्हा उभा करता येण्याजोगा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या धरणापूर्वीच्या नकाशांवर जुनी गावठाणे, मंदिरे आणि विहिरी यांच्या खुणा आहेत. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले यवतमाळ जिल्ह्याचे राज्य गॅझेटियर पूस धरणानंतरचे पण इसापूर आणि अरुणावतीच्या आधीचे असल्याने, त्यातील गाववर्णने १९०८ च्या गॅझेटियरशेजारी ठेवून वाचली तर दोन जलाशयांपूर्वीचा शेवटचा छापील पुरावा म्हणून त्याचे मोल कळते. निवाड्यांचे गठ्ठे मात्र जीर्ण होत जाणारे आहेत, आणि मुदत संपलेले अभिलेख नष्ट करण्याची कार्यालयीन रीत त्यांनाही लागू होऊ शकते.

येथवर दगड, माती आणि कागद यांचा विचार झाला. परंतु या जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांचा वारसा बहुतांशी बांधीव नाही. कोलामांचा पोड, म्हणजे जंगलाच्या कडेची त्यांची छोटी वस्ती, किंवा बंजाऱ्यांचा तांडा यांना गढी नसते आणि घडीव मंदिरही क्वचितच असते. त्यांची देवस्थाने झाडाखाली, नाल्याच्या वळणावर, डोंगराच्या खांद्यावर असतात आणि पूर्वजांच्या स्मरणाच्या जागाही तशाच उघड्यावर असतात. गावचा मारुती नव्या गावठाणात नेऊन त्याची पुन्हा प्रतिष्ठा करता येते, आणि बहुतेक गावांनी तसे केलेही आहे. ज्या देवाचे देवपण विशिष्ट झाडाशी किंवा विशिष्ट डोहाशी बांधलेले आहे त्याचे स्थलांतर होत नाही. वारशाची व्याख्या वास्तूपुरती ठेवली तर या समाजांचे काहीच बुडाले नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा आहे. पुढील अभ्यासकांनी ही चूक करू नये, कारण पूर्वीच्या सूचीकारांनी हेमाडपंती मंदिरांपलीकडे न पाहता तीच केली होती.

हा विषय केवळ झालेल्या नुकसानीचा असता तर त्याची निकड कमी झाली असती. पैनगंगेवर यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवर निम्न पैनगंगा प्रकल्प योजलेला आहे. राज्य शासनाने त्याला १९९७ मध्ये मान्यता दिली, त्याच्या पाण्यात तेलंगणाचाही वाटा आहे, आणि सव्वादोन लाख हेक्टरांहून अधिक सिंचन हे त्याचे उद्दिष्ट सांगितले जाते. त्यामुळे ९५ गावे बाधित होतील असा हिशेब मांडला जातो आणि निम्न पैनगंगा धरणविरोधी संघर्ष समितीने दीर्घकाळ या प्रकल्पाला विरोध चालवला आहे. त्या वादाचा निर्णय शासन, न्यायालये आणि तेथील जनता यांनी करायचा आहे. येथे मांडायचे ते एवढेच, की पैनगंगेचे हे खोरे माहूरच्या परिसराला लागून आहे. त्या माहुरात रेणुकेचे पीठ, राष्ट्रकूटकालीन लेणी आणि मध्ययुगीन किल्ला आहे. ज्या नदीने अशा क्षेत्राला वळसा घातला तिच्या काठची गावे इतिहासहीन असतील, असे गृहीत धरण्याचे कोणतेही कारण नाही. निर्णय कोणताही होवो, या गावांत अद्याप पाणी आलेले नाही, आणि म्हणून पूस व इसापूर येथे जे राहून गेले ते येथे करता येण्यासारखे आहे.

ते काम फार खर्चाचे नाही. पूर्ण संचय पातळीच्या आतील प्रत्येक गावठाणाचे आणि प्रत्येक पांढरीच्या टेकडीचे मोजमाप, निवडक टेकड्यांवर चाचणी उत्खनन, गढ्या, मंदिरे, दर्गे, बारवा, वीरगळ आणि शिलालेख यांची छायाचित्रे व ठसे, पोड आणि तांड्यांच्या देवस्थानांची तेथील जाणत्यांना विचारून केलेली नोंद, आणि वृद्धांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, हे सारे नागपूर व अमरावती येथील विद्यापीठे, राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि जिल्ह्यातील महाविद्यालये मिळून करू शकतात. त्यासाठी लागणारा निधी धरणाच्या एकूण अंदाजपत्रकात नगण्य ठरेल. पूस, निम्न पूस, इसापूर, अरुणावती आणि बेंबळा यांच्या संपादनाचे निवाडे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती जिल्हा अभिलेखागारात सुरक्षित ठेवणे ही त्याची दुसरी बाजू आहे. जिल्ह्यातील ज्या कुटुंबांकडे जुन्या गावातील घराचे छायाचित्र, देवळाच्या उत्सवाची जमाखर्चाची वही, वतनाचा कागद किंवा गावाचा हाताने काढलेला नकाशा असेल, त्यांनी तो जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावा आणि त्याची प्रत तेथे ठेवू द्यावी. मूळ कागद त्यांच्याच घरी राहावा.